उंबऱ्यावरचा धूर

हरीओमने आरशात पाहिलं आणि त्याला आधी वाटलं, आरसाच कुठंतरी वाकला. स्टुडिओतला हा आरसा गिऱ्हाइकांसाठी होता. वाशिममधली माणसं पासपोर्टचा फोटो काढायला आली की आधी इथं भांग पाडायची, ओठ आवळून बघायची आणि मग स्टुलावर बसून एकदम फोटोतल्यासारखी व्हायची. त्याने स्वतः त्यात कधी धड पाहिलं नव्हतं. आज दुपारी डावा डोळा चुरचुरला म्हणून पाहिलं, तर पापणी फुगून खाली आलेली. गालाच्या हाडावर तांबडे बारीक फोड. कानामागून कॉलरपर्यंत कातडी तापलेली, आणि खाजवू की नको या विचारानेच जास्त खाजणारी. ही सूज त्याच्या ओळखीची होती. आधी पापणी, मग गाल, मग मान, आणि सदऱ्याखाली काही नाही. जेवढं अंग उघडं तेवढंच. न बोलावता येणाऱ्या आणि मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्यासारखी ती यायची. पण हा पाहुणा राहायचा किन्हीराजाला. वाशिमची पायरी तो आजवर कधी चढला नव्हता. आणि हरीओमला त्या आपल्या गावी जाऊन आता तीन वर्षं होत आली होती.

स्टुलावर एक कॉलेजची मुलगी ताठ बसून होती. "काका, डोयाले काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही, हनुवटी जराशी खाली," तो म्हणाला आणि बटण दाबलं. मग तिचा चेहरा मॉनिटरवर घेऊन त्याने सवयीने कपाळावरचा फोड पुसला, नाकाजवळची पुटकुळी पुसली. हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. अर्ध्या वाशिमचे डाग त्याच्या माउसखालून गेले होते. नवरदेवांचे तारुण्यपिटिकांचे खड्डे त्याने बुजवले होते, मेलेल्या म्हाताऱ्यांना हाराखाली नितळ करून दिलं होतं. फक्त एका फोटोपुढे त्याचा हात चालला नव्हता. बहिणीच्या लग्नातला फोटो. सगळे ओळीत उभे आणि कडेला नवरीचा भाऊ, म्हणजे तो स्वतः, तोंडाला उपरणं लावून, एक डोळा बंद, दुसरा अर्धा. तो डाग पुसायचा म्हणजे सगळा भाऊच पुसावा लागला असता. लोकांनी विचारलं तेव्हा मायने सांगितलं होतं, पोरगा रडून राह्यला. बहिणीच्या पाठवणीत भाऊ रडतो हे लोकांना पटलंही. पण पाठवणी व्हायची होती, आणि तो रडत नव्हता. त्याला फक्त मान खाजवायची होती.

हे सगळं सुरू झालं त्याच्या लग्नानंतर. त्याआधी तो गावातच होता, तेव्हा काही नव्हतं. लग्न झालं, वाशिमला दुकान टाकलं, बिऱ्हाड केलं आणि पहिल्या दिवाळीला वैष्णवीला घेऊन गावी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वावरातून परत येईपर्यंत डोळे सुजले. गावाने आपल्या परीने निदान केलं. कोणी म्हणालं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, बाधलं. कोणी म्हणालं वाशिमची नळाची हवा लागली, आता गावची हवा काहून सोसन. नळाची हवा म्हणजे काय, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसावं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग अकोल्याला कातडीच्या डॉक्टरकडे गेला. त्याने भिंग लावून पाहिलं, मानेवर जिथं कॉलर लागते तिथली रेघ बोटाने दाखवली आणि म्हणाला, हवेतून येणारं काहीतरी आहे. बहुतेक गाजर गवत. गावी जाणं टाळा. डॉक्टरने एवढं सहज सांगितलं की जणू चहात साखर टाळा म्हणत होता.

बापाने, रामरावांनी, ते मनावर घेतलं. आधीच बोलायला कंजूस माणूस. त्याने घराभोवतीचं गाजर गवत उपटायला घेतलं. अंगण झालं, गोठ्यामागचं झालं, मग धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मग पांदणीचं, मग थेट डांबरी रस्त्यापर्यंत. पांढरी फुलं यायच्या आत, मुळासकट, उघड्या हातांनी. लोकांच्या घरापुढचंही उपटलं. लोक हसले. पुढच्या खेपेला हरीओम एसटीतून उतरला तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी माती उघडी पडली होती. एवढा रस्ता बापाने त्याच्यासाठी खरवडला होता. आणि तरी दुसऱ्या दिवशी दुपारी पापणी फुगली. बाप तेव्हा बाजेवर बसून आपल्या हिरव्या पडलेल्या तळहातांकडे पाहत राहिला. हरीओमला त्या दिवशी स्वतःच्या चेहऱ्याचा जेवढा राग आला तेवढा कधी कोणा माणसाचा आला नव्हता.

गवत गेलं आणि सूज राहिली, म्हणजे गवताचं नव्हतंच. मग उरलं काय? गावात अशा वेळी जे उरतं तेच उरलं. दिष्ट. माणसाची नजर. चुलतीने एकदा ओसरीत बसून, वैष्णवी आत भाकरी थापत असताना, आवाज फारसा न उतरवता म्हटलं होतं, "लग्नाआंधी पोट्टा चांगला होता. आता घरातच कोनाचा डोया जड असन तं बाहीरच्याले काय बोल लावता." मायने, सोजरबाईंनी, तिला गप्प केलं नाही. तिने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण त्यानंतर उंबऱ्यावर दिष्ट काढताना ती सुनेला सांगायची, बाई, तू जरा तिकडं उभी राह्य. वैष्णवी तिकडं उभी राहायची, तोंड गोठ्याकडे करून. वाशिमला आल्यावर कुकर लावता लावता म्हणाली, "तुमी जात जा. मी नाई येत." मग तोही जाईनासा झाला. बायकोसाठी जात नाही असं म्हणायला बरं वाटायचं. खरं म्हणजे त्याला तो आपला सुजलेला चेहरा मायच्या डोळ्यांत बघवत नव्हता. माय वर्षातून एकदा वाशिमला यायची. तेव्हा त्याला काही व्हायचं नाही, आणि ते ती बघून घ्यायची. गावातच याला कोणाची तरी नजर आहे, आणि सून गावात आली की ती नजर जागी होते, असा तिचा हिशेब पक्का होत जायचा. तसं ती म्हणाली नाही कधी. पण मायचं न बोललेलंही ऐकू येतं, हीच तर अडचण असते.

मुलगी फोटो घेऊन गेली. हरीओमने शटर अर्धं ओढलं आणि परत आरशापुढे उभा राहिला. गाव नाही, गवत नाही, कुटार नाही. वैष्णवी रोज शेजारी झोपते, तिची नजर लागायची तर रोज लागली असती. मग आज काय? काल काय केलं? काल दुकान, घर, जेवण, झोप. मधे काही नाही. मधे जिना. जिन्यात धूर होता. घरमालकीण लिलाबाईंचा नातू पुण्याहून आला होता, आणि त्या खालच्या पायरीवर घमेल्यात निखारे घेऊन त्याची दिष्ट काढत होत्या. धूर जिन्यातून वर चढत होता. तो खोकत खोकत थांबला, नातवाची चौकशी केली, सौजन्य म्हणून बराच वेळ थांबला आणि मग वर गेला. बस. एवढंच. आठवण अजून चेहरा दाखवत नव्हती, पण दारात येऊन उभी होती. त्याने दुकान बंद केलं आणि घराकडे इतक्या भरभर निघाला की पानवाल्याने विचारलं, "काय हो, कोनी गेलं काय?"

लिलाबाई दारात गहू निवडत होत्या. "काकू," तो म्हणाला, "काल धुरात काय काय टाकलं होतं तुम्ही?" त्यांना आधी वाटलं धुराची तक्रार आहे. मग बोटं मोजत म्हणाल्या, "मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, चार वाटंची माती. अन् बिबा. बिब्याबिगर दिष्ट निघते काय बापा?" मग त्यांनी मान वर केली आणि त्याचं तोंड पाहिलं. "अगोबाई. तुमालेच लागली की हो चांगली. थांबा, निखारा हाये चुलीत, आत्ता काढून देतो." आणि त्या खरोखरच उठल्या. हरीओम हात जोडून, मागे मागे सरकत, जिन्यावर जवळजवळ पळाला. लिलाबाईंना अजूनही वाटत असेल की या भाडेकरूचा देवाधर्मावर विश्वास नाही.

बिबा. वरच्या खोलीत पंख्याखाली बसून त्याने तो शब्द तोंडात घोळवला. काळं, चपटं, बदामाएवढं फळ. माय आयुष्यभर बिबे फोडत आली होती. शेताचं काम नसलं की उन्हात दगड मांडून, बिबा उभा धरून, एका ठोक्यात टरफल फोडून आतली गोडंबी काढायची. टरफलातून काळं तेल उडायचं. ते लागलं की कातडी जळते, फोड येतो, उततं. हे त्या गावात रांगणाऱ्या पोरालाही माहीत. मायच्या बोटांची टोकं त्याने काळी आणि चामड्यासारखीच पाहिली होती. तिला बिबा उतत नव्हता. हात मेले आहेत माझे, असं ती हसून म्हणायची. लहानपणी तिच्याशेजारी बसून गोडंबी चोरताना एकदा तेल त्याच्या मनगटावर उडालं होतं. आठवडाभर हात सुजला होता. खोबरं चावून लावलं होतं तिने. काळा वण अजून होता, घड्याळाखाली झाकलेला. त्यानंतर मायने त्याला बिब्याजवळ बसू दिलं नाही, गोडंबी लांबून फेकायची. तेव्हापासून त्याने बिबा हातात धरलेला नव्हता. धरला नाही म्हणूनच कधी संशय आला नाही. बिबा हाताला लागला तरच उततो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो जळून हवेत गेल्यावरही बिबाच राहतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरने हवा बरोबर ओळखली होती. फक्त हवेत कोण बसलंय ते नाही.

आता सगळं सरळ रांगेत उभं राहिलं. दर खेपेला संध्याकाळी तो गावी पोचायचा. माय उंबऱ्यावरच अडवायची. लग्नाआधी तो गावातच राहायचा, तेव्हा असं अडवायचं कारणच नव्हतं. लांबून आलेलं पोर, वाटेत किती नजरा. तसंच आत कसं घ्यायचं? खापरात निखारे, त्यात मीठ-मिरच्या, आणि वर अख्खा बिबा. बिबा तडतडून फुटायचा, काळा धूर तोंडावर यायचा, आणि माय म्हणायची, पाह्य, किती लागली होती. दुसऱ्या दिवशी तो वावरात जायचा आणि दुपारी सूज यायची. मग दोष वावराला. संध्याकाळी माय सुजलेलं तोंड बघून परत दिष्ट काढायची, आता एकाच्या जागी दोन बिबे. मग तिसऱ्या दिवशी डोळे पूर्ण बंद, आणि तो एसटी धरून वाशिमला पळायचा, आणि धूर नसल्यामुळे बरा व्हायचा. वाशिमला मायने कधी दिष्ट काढली नव्हती. गॅसवरची दिष्ट निघत नाही, तिला अंगार लागतो, असं तिचं मत होतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं लोक म्हणतात. इथं तर औषधच म्हशीला मारत होतं, आणि बाप बिचारा गवत उपटत होता. औषधावर कोण संशय घेतो?

तो हसायला लागला. पंख्याखाली एकटाच, एका डोळ्याने. वैष्णवी भाजी घेऊन आली तेव्हा तो हसत होता, आणि त्याचं तोंड बघून तिच्या हातातली पिशवी खाली टेकली. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग बराच वेळ तिने कोथिंबीर निवडली. शेवटी म्हणाली, "म्हणजे माह्या डोयात काई नवतं." तो म्हणाला, "नव्हतंच. मला माहीतच होतं." "तुमाले माईत होतं," ती म्हणाली, "त्यायले नवतं." तिचा आवाज साधाच होता. पण हरीओमला कळलं की इतक्या वर्षांत एखाद्या वेळी, एखाद्या क्षणी, तिने स्वतःही आरशात पाहून स्वतःच्या डोळ्यांचा विचार केला असणार. कधी केला असेल? दात घासताना? कुंकू लावताना? हा विचार त्याला सुजेपेक्षा जास्त झोंबला. "फोन करा ना मायले," ती म्हणाली. त्याने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगायचं? माय, इतकी वर्षं तूच. कुंपणच शेत खातं, ही म्हण त्याच्या मनात आली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. कुंपणाला निदान भूक असते. मायला कसली भूक होती? पोरगा धड राहावा, एवढीच.

सूज उतरली आणि सोयाबीनची मळणी लागली तशी दोघं निघाली. मळणीलाच जायचं, हे त्याने ठरवलं होतं. हवेत जेवढी घाण असेल तेवढी असू दे. वाशिमजवळच्या मालेगावच्या पुढे गाडीत खिडकीतून कुटाराचा वास येऊ लागला. रस्त्याकडेला गंज्या, मळणीयंत्रं, आणि त्यांच्या तोंडातून उडणारे पिवळे ढग. पूर्वी हा वास आला की त्याची मान आपोआप आखडायची. आज त्याने खिडकीची काच मुद्दाम सरकवली. मनात मात्र वेगळीच मळणी चालली होती. मायला काय सांगायचं ते त्याने घोटून ठेवलं होतं. धुराने माझ्या छातीत त्रास होतो, डॉक्टरने धूर बंद सांगितलाय. खोटं, पण कोणाला न लागणारं. माय मिठाने नुसती दिष्ट काढेल, सूज येणार नाही, आणि कोणाचंही मन दुखणार नाही. किती सोपं. शेजारी वैष्णवी गाडी हलेल तशी हलत बसली होती, पदर डोक्यावरून नीट घेऊन. ती एवढी नीट कधी बसत नसे. फाट्यावर उतरले तेव्हा त्याने पाहिलं, गाजर गवत परत उगवलं होतं, गुडघ्याएवढं. ज्याच्यासाठी उपटायचं तोच तीन वर्षं आला नव्हता.

दारात माय उभी होती. वाळली होती. फोनवर आवाज तसाच राहतो, म्हणून कळत नाही. रामराव बाजेवर बसलेले, उठले आणि परत बसले. "आले काय," एवढंच म्हणाले. पायरीजवळ खापर होतं, निखारे फुललेले. मायची डावी मूठ बंद होती. हरीओमचं मनगट घड्याळाखाली खाजल्यासारखं झालं. "थांब तिथंच," माय म्हणाली, "तीन वर्षानं येऊन राह्यला, तसाच घरात घेऊ काय?" तो थांबला. घोटलेलं वाक्य जिभेवर आलं. "माय, मले धूर चालत नाई आता. डॉक्टरनं सांगतलं." शहरात घासून गुळगुळीत झालेली त्याची भाषा उंबऱ्यापाशी आपोआप जुनी झाली. "मिरच्या कमी टाकतो," माय म्हणाली. "धूरच नोको." "धूर नाई तं दिष्ट जाईन कशी? बरं, नाक दाबून घे." ती वाकली. आणि त्याच वेळी हरीओमला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की वैष्णवी, कोणी सांगितलं नसताना, दोन पावलं बाजूला सरकून गोठ्याकडे तोंड करून उभी राहिली आहे. सवयीने. पिशवी हातातच. तिची पाठ दिसत होती, आणि पदराखालून वेणीचं टोक. त्या पाठीकडे पाहता पाहता त्याचं ते घोटलेलं, कोणाला न लागणारं खोटं तोंडातच विरघळलं. ते लागत होतं. ते बरोब्बर एकाच माणसाला लागत होतं.

"माय, मूठ उघड," तो म्हणाला. तिने उघडली. काळा बिबा, तळव्यावर. "मले दिष्ट कोनाचीच नवती. हा होता. ह्याच्या धुरानं सुजत होतो मी. वाशिमले लिलाबाईनं जिन्यात जाळला, तथी बी सुजलो. तथी ना वावर, ना गवत, ना कोनाचा डोया." एवढं बोलून तो थांबला, कारण पुढचं वाक्य बोलायची गरज नव्हती आणि धैर्यही नव्हतं. माय हातातल्या बिब्याकडे पाहत होती. निखाऱ्यावर राख धरायला लागली. "म्या टाकत होतो," ती म्हणाली. "हो." "दर खेपंले." "हो, माय." "अन् सुजला का परत टाकत होतो." बाजेवरून रामरावांचा आवाज आला, तक्रारीचा, अगदी मनापासूनचा: "मंग म्या इतकं गवत कायले उपटलं?" कोणी हसलं नाही. पण हवेत काहीतरी सैल झालं.

माय रडेल, असं त्याला वाटलं होतं. किंवा रागावेल, किंवा वाशिमच्या शिकवणीला शिव्या देईल. आपण आपल्या आईबद्दल किती कमी जाणतो. तिने खापर उचललं, अंगणाच्या टोकाला नेलं आणि तांब्याभर पाणी ओतून निखारे विझवले. आत गेली, फळीवरचा बिब्यांचा डबा काढला. बिबे फोडणं तिने गुडघ्यांमुळे केव्हाच सोडलं होतं. डब्यात राहिले होते ते त्याच्या दिष्टीपुरतेच. डबा घेऊन ती पांदणीकडे गेली, रिकामी आली, हौदावर बसून राखेने कोपरापर्यंत हात घासले. परत परत घासले. मग ओल्या हातांनी अंगणात उभी राहून म्हणाली, "तू म्हनतं ते खरं असन. पन मी अशी नाई आयकत. राह्य मंग. मळणी होईस्तोवर राह्य अन् दाखव मले." आणि मग, जराशाने, दुसरीकडे पाहत: "अन् तू, बाई, तथी कायले उभी? बैलाले पाहून राह्यली काय? घरात ये." वैष्णवी वळली. ती उंबरा ओलांडून आत गेली तेव्हा माय बाजूला झाली, आणि बाजूला होताना तिचा ओला हात सुनेच्या पाठीवर क्षणभर राहिला.

आता हरीओमच्या चेहऱ्यावर सगळं येऊन ठेपलं. सकाळी उठल्यावर डोळे उघडायच्या आधी त्याने बोटाने पापण्या चाचपल्या. पातळ होत्या. वावरात गेला. मळणीयंत्र सुरू झालं, आणि कुटार असं उडायला लागलं की समोरचा माणूस दिसेना. तो मुद्दाम वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला. उपरणं न बांधता. घामावर कुटार चिकटलं, कॉलरमध्ये गेलं, कानात गेलं. खाज आली, पण ती साधी, सगळ्यांना येते तशी, हातासरशी जाणारी. शेजारचे मजूर तोंड बांधून काम करत होते आणि हा फोटोवाला तोंड उघडं टाकून उभा. त्यांना वाटलं असेल, शहरात राहून याचं डोकं फिरलं. धुऱ्यावर माय बसलेली. भाकरी घेऊन आली होती आणि परत गेलीच नव्हती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती असं दाखवत पाहत होती. दुपार चढली. हीच ती वेळ. सावली लहान झाली आणि हरीओमच्या सगळ्या शरीरात फक्त एक डावी पापणी उरली. ती कशी आहे? जड आहे? मग एकदम चुरचुरलं. तिथंच. नेमकं तिथंच. डोळ्यातून पाणी आलं. यंत्राचा आवाज लांब गेला, आणि त्याच्या मनात सगळं पुन्हा मागे फिरायला लागलं: एसटी, उपरणं, लग्नाचा फोटो, गोठ्याकडे वळलेली पाठ. म्हणजे तेही नाही? म्हणजे खरंच हे गावच मला नको म्हणतंय?

माय उठून आली होती. त्याच्यापुढे उभी. तिने हात उचलला आणि अर्ध्यातच थांबवला. लहानपणीच्या त्या फोडानंतर तिने त्याच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. बिब्याचे हात म्हणून. हे त्याला आत्ताच लक्षात आलं. "हात लावू?" तिने विचारलं. एवढ्या मोठ्या, केस पिकू लागलेल्या माणसाला त्याच्या आईने परवानगी विचारली. त्याने मान हलवली. तिने दोन बोटांनी पापणी उलटी केली. बोटं अजून खरखरीत होती, पण काळी नव्हती. "कुटार हाये," ती म्हणाली. पदराचं टोक ओलं करून तिने ते टिपलं आणि फुंकर मारली. मग पापणी सोडली, तोंड दोन्ही हातांत धरलं, उन्हाकडे फिरवलं, कानामागे पाहिलं, मान पाहिली, कॉलर ओढून पाहिली, बाजारात बैल पाहावा तशी. बराच वेळ. "काईच नाई," ती म्हणाली. आणि परत, स्वतःलाच: "काईच नाई ना."

हरीओमला त्या क्षणी हसू आलं की रडू, हे सांगता येणार नाही. त्याला मोठमोठ्याने ओरडावंसं वाटलं, कुटारात लोळावंसं वाटलं, बापाने उपटलेलं सगळं गाजर गवत परत लावावंसं वाटलं. या मातीने त्याला कधीच हाकललं नव्हतं. तो इथलाच होता, या धुळीसकट, या खाजेसकट. इतकी वर्षं तो ज्या वाऱ्याला भ्याला, तो वारा तोंडावर घेऊन तो संध्याकाळपर्यंत उभा राहिला, आणि मळणी संपेपर्यंत रोज उभा राहिला. रोज सकाळी माय आधी त्याचं तोंड पाहायची, मग चूल पेटवायची. एकदा रामराव धुऱ्यावरून गाजर गवताची एक काडी तोडून घेऊन आले आणि त्याच्या गालाजवळ धरून उभे राहिले, डॉक्टरची परीक्षा घेतल्यासारखे. घरात बायका वाट पाहत राहिल्या. काही झालं नाही. रामरावांनी काडी फेकली. "फुकटची कंबर मोडली," असं म्हणून ते पहिल्यांदा, दात पडलेलं बोळकं उघडून हसले.

निघायच्या दिवशी माय तयार होऊन बसली होती. लुगडं नवं. "चाल," म्हणाली. एसटीला अजून वेळ होता. त्याला वाटलं, देवळात जायचं असेल. पण ती देवळावरून पुढे गेली. तिने एका हाताने हरीओमचा हात धरला, दुसऱ्या हाताने वैष्णवीचा, आणि गावाच्या मधल्या गल्लीतून निघाली. पूर्वी ती त्याला एसटीपर्यंत मागच्या पांदणीने न्यायची, उपरण्याने तोंड झाकून, कोणाची नजर पडू नये म्हणून. आज भर उन्हात, सगळी दारं उघडी असताना, चावडीपुढून, पिठाच्या गिरणीपुढून, जिथं चार माणसं बसलेली असतील तिथून. प्रत्येक दारापुढे ती जरा थांबायची. "हा आमचा हरीओम," म्हणायची, जणू लोकांना माहीतच नाही. "अन् ही आमची सून. मळणीले आले होते." चुलतीच्या दारापुढे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली, आणि वैष्णवीचा पदर तिने स्वतःच्या हाताने डोक्यावरून मागे सारला, तोंड नीट दिसावं म्हणून. वैष्णवी लाजली. मग तिने मान वर केली आणि सरळ चुलतीकडे पाहिलं. चुलतीनेच नजर खाली घेतली. हरीओमने गळ्यात कॅमेरा अडकवला होता, पण फोटो काढायचं राहूनच गेलं. त्याचे दोन्ही हात गुंतले होते. एका हाताला माय, दुसऱ्यात पिशवी.

फाट्याजवळच्या शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसायची, मायच्याच वयाची. तिने ही तिघं येताना पाहिली, डोळ्यांवर हात धरून हरीओमचा चेहरा न्याहाळला, कौतुकाने मान डोलावली, आणि मग जुन्या मायेने, काळजीने म्हणाली, "सोजरबाई, इतकं मिरवू नोको व पोराले. दिष्ट लागन."

माय थांबली. तिने हरीओमकडे पाहिलं, वैष्णवीकडे पाहिलं. लांबून एसटीचा आवाज येत होता.

"लागू दे," ती म्हणाली.